चकमकीच्या बंदुकीचा नवा कुंदा दरवर्षी तडकतो: दोष ठोकळ्यात कुठे शोधायचा

दसरा होतो, हवेतला ओलावा उतरायला लागतो आणि एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "गेल्या वर्षी नवा कुंदा बसवला होता, पुन्हा तडकला." कुंदा म्हणजे नळी आणि कळ ज्यात बसते ते बंदुकीचं लाकडी अंग. चीर कुठे आहे म्हणून विचारलं तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं: कळीच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राच्या, मागच्या टोकापासून निघून वर नळीच्या शेपटीपर्यंत, म्हणजे नळीच्या मागे निघालेल्या लोखंडी पट्टीपर्यंत, गेलेली. म्हणजे कुंद्याच्या मानेवर, जिथे मूठ बसते त्या बारीक भागात. त्याच बंदुकीची दुसरी तक्रार त्याआधी आषाढ-श्रावणात येऊन गेलेली असते: घोडा मागे ओढताना जड जातो, कळ खाचेत घट्ट बसली आहे, नळी सुटत नाही. मालकाला या दोन वेगवेगळ्या तक्रारी वाटतात. दुखणं एकच आहे. लाकूड पावसाळ्यात फुगलं, हिवाळ्यात आकसलं आणि त्या ओढाताणीत सगळ्यात अशक्त जागी फाटलं.

यावर आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे चिरेत चिकटद्रव्य भरायचं, वरून पॉलिशचा हात मारायचा आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा करायचं. मी सुतारकामातला माणूस. लोखंडाला मी हात लावत नाही, ते काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराचं. कुंदे मात्र गेली बरीच वर्षं करतो आहे आणि माझ्या हातचे पहिले तीन कुंदे वाया गेले. तिन्ही वेळा कोरणं नीट होतं, जोड नीट होते. चुकला होता तो ठोकळा. म्हणून या लिखाणात कोरण्याबद्दल थोडं आणि ठोकळा मिळवण्याबद्दल जास्त सांगणार आहे.

त्याआधी दोन गोष्टी, आणि त्या खरोखर आधीच करायच्या. पहिली: जुनी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक भरलेली आहे असं धरूनच तिच्याकडे जा. आजोबांच्या काळापासून खुंटीला लटकलेल्या बंदुकीत दारू आणि गोळी तशीच राहिलेली सापडते. नळीबाहेर गज, म्हणजे ठासायची काठी, धरून तोंडापासून ठिणगी आत जाते त्या मागच्या भोकापर्यंतचं अंतर त्यावर खूण करून घ्या, मग गज आत सोडा. खूण तोंडाच्या बाहेर बोटभर राहिली तर आत काहीतरी आहे. मग तिला तुम्ही हात लावायचा नाही, कारागिराला बोलवायचं. दुसरी गोष्ट परवान्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात पुराणवस्तू म्हणून सूट आहे ती फक्त दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशा हत्याराला. नळी आणि कळ शाबूत असलेली बंदूक त्यात बसतेच असं नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पुष्कळ घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. त्या परवान्यावर तुमची बंदूक चढलेली आहे का, हे कागद काढून बघा आणि मगच लाकूड शोधायला बाहेर पडा. दुरुस्ती हे कायद्याने परवान्याचं काम आहे, त्यामुळे नळी-कळ बसवण्याचा भाग कारागिराच्याच जागी होऊ द्या.

आता माझे तीन कुंदे.

पहिला शिसवीचा. वखारीत ताजा चिरलेला फळा होता, काळसर जांभळी रेषा, बघताच मन बसलं. साडेचार फूट लांब, सात इंच रुंद, अडीच इंच जाड असा तुकडा घेतला. वजन पंधरा किलो भरलं. तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण तेवढ्या आकाराची सुकी शिसव तेराच्या आसपास भरते. वरचे दोन किलो पाणी होतं. आमच्या घरी काम करणारे म्हातारे सुतारकाका तुकड्यावर हात फिरवून म्हणाले होते, "ह्यां लाकूड अजून ओलां आसा, घाई करू नको." मी घाई केली. ऑगस्टात कोरलेला कुंदा जानेवारीत मानेवर फाटला, आणि नळी बसते ती पन्हळ एवढी सैल झाली की मध्ये पत्र्याची पट्टी सरकावता येईल.

दुसऱ्या वेळी सुकं लाकूड हवं म्हणून हट्टाने जुनं शोधलं. खाडीकाठी एक होडी मोडत होते, तिचा सागवानी फळा मिळाला. पन्नासेक वर्षं जुना, टणक, कसरीने न खाल्लेला. रंधा मारला तर आत सोन्यासारखा. सहा महिन्यांत नळीच्या खालच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे, तांबेऱ्याचा थर आला आणि लोखंडाला खड्डे पडले. होडीच्या लाकडात मीठ मुरलेलं असतं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते लाकूड कायम ओलसर राहतं. त्या ओल्या मिठाच्या मिठीत दोनशे वर्षांपूर्वीचं लोखंड आपण स्वतःच्या हाताने ठेवलेलं असतं. कुंदा तडकला नाही, पण मी तो उतरवून टाकला. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना होडीचं लाकूड सहज मिळतं, म्हणून हे मुद्दाम ठासून सांगतो: बाज, कपाट, झोपाळा, काय हवं ते त्याचं करा, बंदुकीचा कुंदा करू नका. समुद्रावर वाहून आलेल्या ओंडक्यालाही हेच लागू.

तिसरा काश्मिरी अक्रोडाचा. हे लाकूड बरोबर होतं, आणि तरीही कुंदा गेला. ठोकळा फेब्रुवारीत आला, चांगला खडखडीत. मी महिन्याभरात कोरून मोकळा झालो. जुलैत कळ अशी आवळली गेली की घोडा अर्ध्यावर अडकून राहिला. कारागिराने कळ काढताना खाचेची कड तुटली. लाकूड सुकं होतं, पण ते तिकडच्या हवेला सुकं होतं, आपल्या हवेला नव्हे. ही गोष्ट समजायला मला तीन ठोकळे लागले.

आकडे मांडले की चित्र लगेच स्पष्ट होतं. लाकूड आजूबाजूच्या हवेइतकंच ओलं होऊन थांबतं. भर पावसाळ्यात किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता पंचाऐंशी-नव्वद टक्क्यांवर राहते. तशा हवेत लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १८ ते २० टक्क्यांपर्यंत जाऊ पाहतं. हिवाळ्यात आर्द्रता साठ-पासष्टवर आली की तेच ११-१२ वर येतं. अक्रोडाचं लाकूड वर्तुळरेषांच्या, म्हणजे खोडातल्या वयाच्या कड्यांच्या, दिशेने, पाण्याच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण पाव टक्का फुगतं. आठ टक्क्यांवर कोरलेला कुंदा अठरावर गेला तर दहा टक्क्यांचा फरक, म्हणजे अडीच टक्के फुगवटा. पन्नास मिलिमीटर रुंदीवर तो सव्वा मिलिमीटर होतो. कळीची खाच आपण कागद सरकणार नाही अशी कोरतो. तिथे सव्वा मिलिमीटर म्हणजे भलं मोठं अंतर. अख्खा ओलावा गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो म्हणून प्रत्यक्षात फुगवटा थोडा कमी भरतो, पण खाचा उघड्या असतात आणि ओल आधी तिथेच शिरते.

तेव्हा दर वर्षी तडकणाऱ्या कुंद्याचं निदान करताना मी चिरेच्या जागेकडे बघतो. चीर मानेवर तिरपी जाऊन बाहेर निघाली असेल तर रेषेचा, म्हणजे लाकडाच्या धाग्यांच्या दिशेचा, दोष. ठोकळ्याच्या टोकाकडून आत गेलेली, पंख्यासारखी पसरलेली असेल तर ओलं लाकूड घाईने सुकलं. नळीच्या शेपटीच्या बरोबर मागून सरळ निघाली असेल तर लाकूड कदाचित चांगलंच आहे आणि शेपटी मागून लाकडाला टेकते आहे. तिथे नखाच्या जाडीएवढी फट ठेवली नाही तर प्रत्येक धक्क्याला शेपटी पाचरीचं काम करते. नळीच्या पुढच्या भागात कुंदा एका बाजूला पिळला असेल तर ठोकळा झाडाच्या मध्यातून किंवा वाकड्या फांदीतून काढलेला आहे. आणि लाकडात सुईच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर सालीजवळचं पांढरं लाकूड आत राहिलं आहे, त्याला भुंगा लागला आहे. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दुखण्याला चिकटद्रव्य हा उपाय नाही. ठोकळा बदलावा लागतो.

बदलण्याआधी मात्र एकदा थांबा. मूळ कुंदा अजून हाताशी आहे का? पुष्कळदा मोडलेला असतो तो फक्त पुढचा भाग, नळीखालचा. तेवढाच नवा जोडला तर मानेपासून मागचं मूळ लाकूड, त्यावरच्या खुणा, पितळी साज, सगळं राहतं. कंपनी सरकारच्या बंदुकांच्या कळीवर १८०८ पासून उभ्या सिंहाची खूण येते, त्याआधी हृदयाच्या आकारातली खूण असे. तशी खूण असलेल्या बंदुकीचा मूळ कुंदा काढून फेकणं हे पाप आहे असं मी मानतो. तो नवा कुंदा करण्यासाठी नमुना म्हणून लागतोच, आणि काम झाल्यावर फडक्यात गुंडाळून बंदुकीबरोबरच ठेवायचा. नव्या कुंद्याच्या पन्हळीत, नळीखाली झाकलं जाईल अशा जागी, शिसपेन्सिलीने साल लिहा. पुढे कोणी उघडेल त्याला कळायला हवं की हे लाकूड मूळचं नाही.

लाकूड कुठलं, हे बंदूक कुठली यावर ठरतं. आपल्याकडे सापडणाऱ्या चकमकीच्या बंदुकांत इंग्रजी कंपनीच्या नमुन्याची बरीच असतात: ३९ इंची नळी, तोंडाचा व्यास पाऊण इंच, नळी कुंद्याला आडव्या खिळींनी जोडलेली. फ्रेंच नमुन्यात खिळींऐवजी नळीभोवती पट्ट्या असतात. या दोन्हींचे मूळ कुंदे अक्रोडाचे. आणि इथे आपलं नशीब चांगलं आहे, कारण युरोपातला अक्रोड आणि काश्मीरचा अक्रोड ही एकाच जातीची झाडं. विलायतेहून काही मागवायला नको. पण बंदूक इथल्याच लोहाराने घडवलेली, किंवा इथेच पूर्वी एकदा कुंदा बदललेली असेल, तर जुन्या कुंद्याचं लाकूड आधी ओळखा. तो शिसवीचा किंवा सागाचा निघाला तर अक्रोड बसवणं हीच चूक ठरेल.

कोकणातल्या लाकडांपैकी मी ज्यांचा विचार केला, त्यांच्याबद्दल माझं मत असं. शिसव जड आहे, पण मानेत मजबूत आणि दिसायला देखणी. सुकवण्याचा धीर असेल तर उत्तम. वखारीत शिसव आणि उत्तरेकडून येणारा शिसम यांची गल्लत होते, दोन्ही चालतात पण भाव वेगळा, म्हणून विचारून घ्या. साग सगळ्यांत कमी हलतो, अक्रोडापेक्षाही कमी, म्हणून आपल्या हवेला तो वरवर अगदी योग्य वाटतो. त्याची अडचण वेगळी आहे. तो ठिसूळ फुटतो. कळीच्या कडेला लाकूड जेमतेम पाव इंच उरतं, तिथे सागाची कपची उडते, आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांनी पटाशीची धार पुन्हा पुन्हा जाते. फणस मला आवडतो. पिवळा असताना कसनुसा दिसतो, पण वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होतो, हलका आहे, पटाशीखाली गोड चालतो. भिंतीवर टांगायच्या बंदुकीला पुरेसा आहे. शिवण फारच कमी हलते, पण मऊ. स्क्रूचे आटे धरत नाही. ऐन सुकताना इतका फाटतो की मी त्याच्या वाटेला जात नाही. खैराचं वजन कोणाच्या खांद्याला झेपणार नाही. आंबा स्वस्त आणि हवा तेवढा मिळतो, त्यामुळे पुष्कळजण तोच घेतात, आणि भुंग्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत आंब्याचे कुंदे सगळ्यांत जास्त. समुद्रकाठची भेंड चिवट असते, जुन्या बैलगाड्यांना वापरायचे, पण साडेचार फूट सरळ गाभा देणारं झाड मला अजून भेटलेलं नाही.

स्वतःच्या परड्यातलं झाड तोडून ठोकळा काढायचा विचार असेल तर १९६४ चा महाराष्ट्रातला वृक्षतोड नियमनाचा कायदा लक्षात ठेवा. साग, फणस, आंबा ही झाडं त्याच्या यादीत आहेत; जमीन आपली असली तरी तोडायला परवानगी लागते, आणि तोडलेलं लाकूड गाडीत घालून नेताना पास. एका कुंद्यासाठी झाड पाडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वाऱ्याने पडलेलं, घरावर येतं म्हणून काढलेलं झाड असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वन खात्याकडे अर्ज करून रीतसर घ्या.

माझा भरवसा आहे तो जुन्या घरांवर. मार्च ते मे या काळात, पावसाच्या आत, कोकणात ठिकठिकाणी जुनी घरं उतरवली जातात. खांब, तुळया, दाराच्या चौकटी, माजघरातला पलंग. यातलं लाकूड शंभर-शंभर पावसाळे याच हवेत काढून स्थिरावलेलं असतं, त्याला आपल्या हवेची ओळख करून द्यावी लागत नाही. घर उतरवणाऱ्या कंत्राटदाराशी आधी बोलून ठेवा, नाहीतर चांगला खांब करवतीखाली जाऊन त्याच्या रिपा झालेल्या असतात. पण इथे एक फसगत आहे. जुना खांब बहुतेक वेळा अख्ख्या झाडाचा असतो, म्हणजे झाडाचा मध्यबिंदू खांबाच्या पोटात असतो, आणि त्या मध्यातून बाहेरपर्यंत एक जुनी भेग गेलेली असते. सहा इंची खांबातून मधोमध अडीच इंची फळा काढलात तर मध्यबिंदू बरोबर तुमच्या कुंद्यात येईल आणि तो फाटणारच. आठ इंच किंवा त्याहून जाड खांब घ्या आणि मध्य टाळून एका बाजूचा फळा काढा. करवतीला लावायच्या आधी लोहचुंबक फिरवा. जुन्या खांबात खिळे, मोळे, कडीचे तुकडे असतात. एका मोळ्याने गिरणीचं पातं गेलं की तो गिरणीवाला पुन्हा तुमचं लाकूड घेत नाही, आणि मोळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं ते वेगळंच.

काश्मिरातून अक्रोड मागवताना फोटो बघून घ्यावा लागतो, तेव्हा चार फोटो मागा: दोन्ही सपाट बाजू, दोन्ही टोकं. टोकाच्या फोटोत वर्तुळं दिसतात. ती पूर्ण गोल दिसली, म्हणजे मध्यबिंदू तुकड्यात असला, तर नको म्हणा. वर्तुळरेषा जाडीच्या दिशेने उभ्या की आडव्या, यावर लोक फार वाद घालतात, पण दोन्ही चालतात. झाड केव्हा तोडलं आणि फळा केव्हा चिरला हे वेगवेगळं विचारा, कारण लाकूड सुकायला लागतं ते चिरल्यापासून. तिथे अक्रोडाचं झाड तोडायलाही परवानगी लागते, तेव्हा बिल आणि पास दिल्याशिवाय पैसे पाठवू नका. आणि विणीसारखी, ढगांसारखी नक्षी असलेला तुकडा महाग देऊ केला तर तो भाग दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागात, येतो की मानेत, ते बघा. नक्षी म्हणजे वळलेली रेषा. दस्त्यात ती शोभा, मानेत ती मोडण्याची जागा.

रेषेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण अनुभवी सुतारही इथे चुकतात. बंदुकीचा कुंदा सरळ नसतो. नळीखाली सरळ जाऊन मानेपाशी तो खाली वळतो. सरळ रेषेच्या फळ्यावर नमुना सरळ ठेवला की नळीखाली रेषा छान धावते, पण मानेत ती लाकडाच्या एका कडेने शिरून बोटभर अंतरावर दुसऱ्या कडेने बाहेर पडते. तिथे कुंदा हाताच्या दाबानेही मोडू शकतो. म्हणून पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना करून तो फळ्यावर फिरवत राहायचं, थोडा तिरपा, थोडा खाली, जोपर्यंत मानेतून जाणारी रेषा मानेच्या दिशेनेच वळत नाही. नळीखाली रेषा किंचित तिरपी झाली तरी चालेल, तिथे लोखंडाचा आधार आहे. मानेला कोणाचाच आधार नाही. बुंध्याजवळचा किंवा मुळाकडे रुंदावत जाणारा तुकडा असेल तर त्यात रेषा आपोआप वळलेली सापडते. जुने कारागीर तोच मागत. रेषा डोळ्यांनी फसवते, रंगाचे पट्टे वेगळे आणि धागे वेगळे असू शकतात. खात्रीसाठी फळ्याच्या टाकाऊ कोपऱ्यातून एक ढलपी पटाशीने फोडून बघा. ती ज्या बाजूला फाटत जाते तीच खरी रेषा.

म्हणून फळा नमुन्यापेक्षा मोठा घ्यावा लागतो. माझं माप साडेपाच फूट लांब, आठ इंच रुंद, पावणेतीन इंच जाड, म्हणजे साधारण ०.८४ घनफूट. वखारवाला म्हणेल एवढं कशाला, निम्मं वाया जाईल. जाऊ दे. टोकाकडची सुकताना फाटणारी चार-चार इंचं, नमुना फिरवायची जागा आणि ओलावा मोजायचा तुकडा, हे सगळं त्यातून निघतं.

ओलावा मोजायला सुईचं यंत्र मिळतं, पण ते पृष्ठभागावरचं सांगतं. मी जुन्या पद्धतीने करतो. टोकापासून सहा इंच आत, अर्ध्या इंच जाडीची एक चकती कापतो. टोकाजवळची घेऊ नका, ती नेहमी जास्त सुकी असते. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा लागतो. चकतीचं वजन लिहायचं, मग ती ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवायची आणि तासा-दोन तासांनी वजन करत राहायचं, ते उतरायचं थांबेपर्यंत. समजा आधी ५२ ग्रॅम होती आणि शेवटी ४४ वर थांबली. गेलेलं पाणी ८ ग्रॅम, भागिले ४४, म्हणजे १८ टक्के. असा ठोकळा आत्ता कोरायचा नाही.

सुकवायला वेळ किती? जुना हिशेब इंचाला एक वर्ष. पावणेतीन इंचाला तीन वर्षं धरा. दोन्ही टोकांना वितळलेल्या मेणाचा जाड थर द्या, म्हणजे पाणी टोकांतून घाईने न जाता बाजूंनी सावकाश जातं. माळ्यावर, ऊन थेट न लागेल पण वारा खेळेल अशा जागी, खाली तीन पट्ट्या देऊन आडवा ठेवा. चुलीवरच्या माळ्यावर लाकूड ठेवायची आपल्याकडची रीत भुंग्याच्या दृष्टीने फार चांगली, पण ताजा फळा तिथे चढवू नका, पहिल्याच महिन्यात टोकं फाटतील. वर्षभर दुसरीकडे काढून मग तिकडे न्या. सिमेंटच्या जमिनीवर, भिंतीला टेकवून उभा तर कधीच नाही. दर महिन्याला वजन करून फळ्यावरच खडूने लिहा. हे सोपं वाटतं आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

आणि बाहेरून आलेल्या सुक्या ठोकळ्याला याच्या उलट वाट पाहायची असते. चौथ्या वेळी मी पुन्हा अक्रोडच घेतला. फेब्रुवारीत आला तेव्हा ९.६ किलो होता. माळ्यावर ठेवून दिला. ऑगस्टअखेर तो १०.२ भरला, म्हणजे आपली हवा सहाशे ग्रॅम पाणी त्याच्यात घालून गेली होती. मागच्या वेळी हे सगळं पाणी कोरलेल्या कुंद्यात शिरलं होतं. पुढच्या जानेवारीत ९.९ वर तो थांबला आणि तीन आठवडे हलला नाही. तेव्हा कोरायला घेतला. कोकणात खाचा कोरायला माझ्या मते जानेवारी-फेब्रुवारीच योग्य, आणि त्यातही एक सवलत ठेवून: कळीच्या खाचेत वरच्या-खालच्या कडांना, म्हणजे रेषेला आडव्या दिशेने, जाड कागद सरकेल एवढी मोकळीक. लांबीच्या दिशेने घट्ट ठेवा, लाकूड लांबीत जवळपास हलत नाही. काजळी लावून कळ दाबून बघताना पूर्ण काळा ठसा उठावा असा हट्ट असतो आपल्याला. या हवेत तो हट्ट सोडायचा.

नळीच्या खालचे, खिळी ज्यांतून जातात ते लोखंडी कान गोल भोकांचे असतील तर परवानाधारक कारागिराला ती भोकं लांबीच्या दिशेने थोडी लांबट करता येतात का ते विचारा. जुन्या मौल्यवान बंदुकीवर मात्र असं काही करू नका, तिथे खिळ किंचित बारीक वापरा. मानेपाशी आणि खाचांच्या आत तेल भिनवायला विसरू नका. बाहेरून चकचकीत कुंद्याच्या खाचा आतून कोऱ्या असतात, आणि पाणी तिथूनच आत जातं. मी जवसाचं तेल पातळ करून आतून दोनदा, बाहेरून आठ-दहा दिवसांच्या अंतराने पाच-सहा हात देतो, शेवटी मधमाशांचं मेण. तेलाने फुगणं थांबत नाही, सावकाश होतं, तेवढंही पुरतं. बंदूक तोंड वर करून टांगली तर नळीचं तेल उतरत उतरत मानेत मुरतं आणि लाकूड मऊ पडतं, म्हणून आडवी किंवा तोंड खाली ठेवा. भिंतीला टेकवायची नाही, मध्ये दोन बोटं हवा हवी, नाहीतर पावसाळ्यात भिंतीची ओल एकाच बाजूने शिरते आणि पीळ पडतो.

त्या चौथ्या कुंद्याने तीन पावसाळे काढले आहेत. पहिल्या जुलैत कळ थोडी जड झाली होती, पण घोडा अडकला नाही. ऑक्टोबरात परत मोकळी झाली. मानेवर अजून केसाएवढीही चीर नाही. माळ्यावर सध्या शिसवीचा एक फळा आहे, घर उतरवताना आठ इंची खांबातून काढलेला. पंधरा दिवसांपूर्वी त्याचं वजन घेतलं, मागच्या महिन्यापेक्षा चाळीस ग्रॅमने कमी भरलं. अजून उतरतो आहे.